‘यूस्ट टू’ची वही

२ डिसेंबर २०२४

संध्याकाळच्या वर्गाचा नवा प्रकल्प आजपासून सुरू. इंग्रजीतली एकच शब्दजोडी घ्यायची, ‘यूस्ट टू’ (used to, म्हणजे पूर्वी असं करायचो, आता नाही), आणि ती आपल्या मुलामुलींच्या रोजच्या बोलण्यात कुठे येते, कुठे बसते, कुठे चुकते हे दोन महिने टिपत राहायचं. शेवटी सोळा पानांची पुस्तिका. वाक्यं सगळी सोलापूरची, वर्गानेच जमवलेली. लंडनच्या पावसाची आणि आजीच्या बागेतल्या गुलाबांची वाक्यं नकोत.

हीच शब्दजोडी का, ते आधी लिहून ठेवते. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीची फोनवर मुलाखत झाली. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बिलांचं काम बघते. तीन वर्षं झाली, आजही तिथेच आहे. पलीकडून कामाबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘आय यूस्ट टू हँडल बिलिंग.’ तिला म्हणायचं होतं, मी बिलिंग सांभाळते. त्यांनी ऐकलं, सांभाळायची, आता सांभाळत नाही. पुढचा प्रश्न आला, काम कधी सोडलं आणि का? ती गोंधळली, अडखळली, आणि मुलाखत तिथेच संपली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी खोटं काय बोलले ते मला कळलंच नाही.’ ती खोटं बोललीच नव्हती. पण हा फरक मी तिला वर्षभरात नीट सांगितलेला नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

वर्ग अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात. खाली यंत्रमाग, वर आमची खोली. तेवीस जण येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, कुणाच्या मराठी. एकमेकांशी सगळे मराठीतच बोलतात, आमची ती ‘काय करायलाव’वाली मराठी.

४ डिसेंबर

काहीही न शिकवता प्रत्येकाला दिनक्रमाची तीन वाक्यं लिहायला सांगितली. निम्म्याहून जास्त कागदांवर ‘यूस्ट टू’ आलं, आणि एकही वाक्य भूतकाळाचं नव्हतं.

‘आय यूस्ट टू वेक अप ॲट सिक्स.’
‘माय मदर यूस्ट टू मेक कडक भाकरी.’
‘वी यूस्ट टू टेक बस फ्रॉम सात रस्ता.’

पहिल्या वाक्याच्या मुलीला विचारलं, ‘म्हणजे आता सहाला उठत नाहीस?’ ती म्हणाली, ‘उठते की मॅडम. रोज उठते. म्हणून तर यूस्ट लिहिलं.’

‘म्हणून तर’ हे तिचे शब्द महत्त्वाचे. मुलांच्या डोक्यात ‘यूस्ट टू’ म्हणजे ‘रोज’, ‘नेहमी’, ‘सवय आहे’. कारणं मला दोन दिसतात. ‘यूज’ म्हणजे वापर हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. जे रोजच्या वापरात आहे ते यूस्ट, असा सरळ हिशेब. दुसरं कारण त्याहून खोल आहे. आपण मराठीत ‘मी सहाला उठतो’ म्हणतो तसं ‘मी सहाला उठत असतो’ असंही म्हणतो. ‘असतो’ जोडलं की सवयीला वजन येतं. इंग्रजीतलं नुसतं ‘आय वेक अप’ त्यापुढे उघडंबोडकं वाटतं. काहीतरी जोडायला हवं असं वाटतं, आणि हाताशी असतं ते ‘यूस्ट टू’.

ही चूक एकट्या सोलापूरची नाही. भारतभर शिकलेसवरलेले लोकही असं बोलतात. आणि यात मुलांचा वेडेपणा मुळीच नाही. ‘यूज’ या क्रियापदाचा ‘सवय असणे, नेहमी करणे’ असा अर्थ इंग्रजीतच होता, आणि काही शतकांपूर्वी ते वर्तमानकाळातही चालायचं. पुढे वर्तमानातलं रूप झिजून गेलं, भूतकाळातलं तेवढं उरलं. आमची मुलं जे मागतात ते त्या भाषेत एके काळी होतं, आज नाही, एवढंच. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, यूस्टचंच यूस्ट टू झालं.’ पुस्तिकेत घ्यायचं.

११ डिसेंबर

आज फळ्यावर चार भाषा लिहिल्या. दोन महिन्यांतला हा सगळ्यात चांगला तास ठरेल असं आत्ताच वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न एकच ठेवला: लहानपणी तुम्ही शाळेत जात होता, आता जात नाही, हे घरच्या भाषेत कसं सांगाल? इंग्रजी नको.

मराठीवाले लगेच म्हणाले, ‘मी शाळेत जायचो.’ मुली म्हणाल्या, ‘जायचे.’ एकाने पाठ्यपुस्तकातलं ‘जात असे’ सांगितलं. त्याला मी जात्यावरच्या ओव्यांतलं ‘जाई, येई, करी’ आठवून दिलं. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. शाळेत हा शब्द पाठ केलेला सगळ्यांना आठवत होता, पण आपण तो दिवसातून दहा वेळा वापरतो हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

तेलुगू घरातला मुलगा म्हणाला, ‘नेनु बडिकि वेळ्ळेवाण्णि.’ शेजारची मुलगी त्याला थांबवून म्हणाली, मी ‘वेळ्ळेदान्नि’ म्हणणार. म्हणजे मराठीसारखंच, बोलणारा पुरुष की बाई ते रूपातच कळतं. आणि हे रूप भूतकाळातल्या सवयीसाठीच आहे. तेलुगूवाल्यांना ‘यूस्ट टू’ खरं तर सगळ्यात सोपं जायला हवं. घरात तयार साचा आहे, इंग्रजी शब्द त्यात ओतायचा. हे आजवर त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

कन्नड मुलगी म्हणाली, ‘ना सालीगि होगतिद्दे.’ मी विचारलं, ‘मी काल शाळेत जात होते तेव्हा तू दिसलीस, यातलं जात होते कसं म्हणशील?’ तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘तेच. होगतिद्दे.’ म्हणजे तिच्या घरी ‘जायचे’ आणि ‘जात होते’ हे एकाच रूपात भागतं, बाकीचं संदर्भावरून कळतं. ती गेले सहा महिने ‘आय वॉज गोइंग’ आणि ‘आय यूस्ट टू गो’ यांची अदलाबदल का करते, ते मला आज कळलं. मी तिला उगीच वीस वीस वाक्यं लिहायला लावत होते.

दखनी बोलणारा म्हणाला, ‘मैं स्कूल कू जाता था.’ तिथेही साचा आहे.

मग मराठीतला एक खड्डा सापडला, तो मी स्वतः कधी पाहिला नव्हता. ‘जायचो’ आणि ‘जायचंय’. ‘मी मिलमध्ये जायचो’ हे झालं गेलेलं. ‘मला मिलमध्ये जायचंय’ हे अजून व्हायचंय. आणि ‘तू काल यायचंस’ म्हणजे यायला हवं होतंस, आला नाहीस. एकच ‘यायचं’, पण त्यात मागचंही आलं, पुढचंही आलं आणि राहून गेलेलंही. तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, यूस्ट टू कुठल्याला? पहिल्याला, असं सगळे एका आवाजात म्हणाले. एकही चुकला नाही.

नियम मी पाच वेळा सांगितला होता, उपयोग झाला नाही. घरची भाषा फळ्यावर आली आणि पाऊण तासात काम झालं. पुस्तिकेचं पहिलं पान हेच: ‘जायचो’ म्हणता येत असेल तरच यूस्ट टू. ‘जातो’ किंवा ‘जात असतो’ असेल तर नुसतं ‘आय गो’, फार तर ‘आय युजुअली गो’.

१८ डिसेंबर

उच्चार. खाली सोळा माग चालू असताना स आणि झ यांतला फरक कानाला कळत नाही, म्हणून बोटांनी शिकवला. गळ्यावर दोन बोटं ठेवायची आणि म्हणायचं ‘झझझ’. गळा थरथरतो. मग ‘ससस’. थरथर थांबते. वापराचा शब्द ‘यूझ्ड’, तिथे गळा थरथरतो. सवयीचा शब्द ‘यूस्ट’, तिथे शेवट कोरडा. शिवाय बोलताना तो पुढच्या ‘टू’ला चिकटतो, दोन ‘ट’ वेगळे ऐकू येत नाहीत. ‘यूस्टू’ असंच म्हणायचं, आणि ‘टू’वर जोर द्यायचा नाही.

तेवीस जण गळ्याला बोटं लावून बसलेले. चहावाला दारात थांबून बघत राहिला. त्यालाही करायला लावलं.

लिहिताना दोन्हींचं स्पेलिंग एकच असतं. म्हणूनच पुस्तकं वाचून शिकलेल्यांचा उच्चार चुकतो. मी स्वतः नोकरीला लागेपर्यंत ‘यूझ्ड टू’ म्हणत होते. कुणी टोकलं नाही.

२७ डिसेंबर

आज दुसरं रूप घेतलं. याची मला धास्ती होती. ‘आय यूस्ट टू’ आणि ‘आय ॲम यूस्ट टू’. मध्ये एक ‘ॲम’ आला की अर्थ पार बदलतो. पहिल्यात गेलेली रीत, दुसऱ्यात अंगवळणी पडलेली गोष्ट. पहिल्यात पुढे क्रियापद, ‘यूस्ट टू स्लीप’. दुसऱ्यात पुढे नाम, किंवा ‘इंग’ लागलेलं क्रियापद, ‘यूस्ट टू द नॉइज’, ‘यूस्ट टू स्लीपिंग’. मराठीत हे दोन वेगळ्या शब्दांनी होतं, ‘झोपायचो’ आणि ‘झोपायची सवय आहे’, त्यामुळे गोंधळाचं कारणच नाही. इंग्रजीत शब्द एक, म्हणून गोंधळ.

माग चालवणारा मुलगा आज कामावरून थेट आला होता. बाह्यांवर सुताचं बारीक पांढरं रोवं तसंच. त्याचं घर कारखान्याच्या मागच्या खोलीत आहे. त्याला म्हटलं, तुझ्या झोपेबद्दल सांग. तो म्हणाला, ‘मॅडम, रात्रपाळीचे माग चालू असले की मला गाढ झोप लागते. लाइट गेली, माग थांबले, की जाग येते. घरातले सगळेच उठून बसतात. पाहुणा आला की मात्र त्याला रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’

यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं? ‘आय ॲम यूस्ट टू द नॉइज.’ ‘द गेस्ट ईज नॉट यूस्ट टू इट.’ आणि पाहुणा महिनाभर राहिला तर ‘ही विल गेट यूस्ट टू इट’, हळूहळू सवय होईल. तीन वाक्यांत तिन्ही अवस्था आल्या.

मग तोच धागा पुढे ओढला. त्याचे आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणतात, पूर्वी चार माग सांभाळायचे. तिन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी:

‘तात्या यूस्ट टू रन फोर लूम्स.’ चालवायचे.
‘तात्या ईज यूस्ट टू रनिंग फोर लूम्स.’ चार माग चालवायची त्यांना सवय आहे.
‘द लूम ईज यूझ्ड टू वीव्ह चादर्स.’ माग चादर विणायला वापरतात.

तिसऱ्यात गळा थरथरतो, पहिल्या दोन्हींत नाही. हे एका मुलीने न विचारता सांगितलं, बोटं गळ्यावर ठेवूनच.

‘टू’बद्दल एक गोष्ट टिपून ठेवायला हवी, कारण पुढच्या वर्गांना ती परत लागेल. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ म्हणजे आपल्या ‘-ची’, ‘-ला’सारखा नामाला जोडणारा शब्द. मागाची सवय, चालवण्याची सवय. ‘चालव ची सवय’ असं आपण म्हणत नाही, ‘चालवण्याची’ म्हणतो, क्रियापदाचं आधी नाम करून घेतो. इंग्रजी तेच काम ‘इंग’ लावून करते. ‘-ण्याची’ म्हणजे ‘-इंग’, एवढं सांगितल्यावर वहीतल्या जवळजवळ सगळ्या चुका थांबल्या.

३ जानेवारी २०२५

सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वाक्यं आणायची होती. आज वह्या तपासल्या. चार-पाच उतरवून ठेवते.

‘द मिल भोंगा यूस्ट टू वेक द होल सिटी.’ हे बऱ्याच घरांतून आलं. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्यांच्या भोंग्यांवर सोलापूरचं घड्याळ चालायचं. स्वयंपाक, शाळा, डबे, सगळं भोंग्यावर. या मुलांपैकी एकानेही भोंगा ऐकलेला नाही, पण घरात तो अजून बोलण्यात आहे.

‘माय आजी यूस्ट टू रोल अ थाउजंड विडीज अ डे.’ आजीला आता दिसत नाही, आई वळते. आईसाठी वाक्य ‘माय मदर रोल्स विडीज’. मुलीने दोन्ही वाक्यं बरोबर लिहिली, खाली सुपाचं चित्रही काढलं, पानं, तंबाखू, कात्री सगळं जागच्या जागी. ते चित्र पुस्तिकेत जसंच्या तसं घेणार.

‘द ट्रेन टु विजापूर यूस्ट टू बी मीटरगेज.’ आता ब्रॉडगेज झाली. छान वाक्य. सवयीचं नाही, स्थितीचं, पण यूस्ट टू चालतं.

आणि एक मोठी चूक, सात-आठ वह्यांत: ‘माय ग्रँडफादर यूस्ट टू वर्क इन मिल फॉर ट्वेंटी-टू इयर्स.’ किती वर्षं हे सांगितलं की यूस्ट टू चालत नाही, साधा भूतकाळ येतो, ‘वर्क्ड’. किती वेळा हे मोजून सांगितलं तरी तेच: ‘आय वेंट टु पुणे फाइव्ह टाइम्स.’ मराठीत ‘ते बावीस वर्षं मिलमध्ये जायचे’ कुणाला खटकत नाही, म्हणून मुलांनाही खटकलं नाही. इथे घरची भाषा मदत करत नाही, हे स्वच्छ सांगून टाकलं. घरची भाषा ऐंशी टक्के रस्ता पार करून देते म्हणून उरलेलाही तिच्याच भरवशावर चालायचा, असं होत नाही.

१० जानेवारी

परवा सोलापूरचा हुतात्मा दिन. शहरभर फलक लागलेत. वर्गात त्यावर दोन-तीन ओळी लिहू म्हटलं. एका मुलाने लिहिलं, ‘ब्रिटिश गव्हर्नमेंट यूस्ट टू हँग फोर पीपल ऑफ सोलापूर.’

वाचून माझे हात थांबले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. ते एकदाच घडलं, एका ठरलेल्या दिवशी. ‘यूस्ट टू’ लावलं की ते वारंवार चालणारं काम होतं, त्याची तारीख पुसली जाते. मुलगा हुशार आहे, मनाने फार चांगला आहे. त्याला फक्त एवढंच वाटलं होतं, की जुनी गोष्ट म्हणजे यूस्ट टू.

त्याला रागावले नाही. सगळ्यांना विचारलं, मराठीत ‘फाशी द्यायचे’ म्हणाल की ‘फाशी दिली’? खोली शांत झाली. मग त्यानेच उठून फळ्यावरचं वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘दे हँग्ड देम ऑन ट्वेल्थ जानेवारी, नाइन्टीन थर्टी-वन.’ त्याखाली मी विचारलं, मग त्या काळाबद्दल यूस्ट टू कुठे येईल? मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, त्याआधी सत्याग्रहाच्या फेऱ्या, सभा व्हायच्या. ‘पीपल यूस्ट टू गॅदर.’ लोक जमायचे. ते बसतं. फेऱ्या पुन्हा पुन्हा निघाल्या, फाशी एकदा झाली.

पुस्तिकेत हे पान मधोमध.

१३ ते १७ जानेवारी

ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, वर्ग बंद. कुणी येणारही नाही आणि येऊही नये. सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्यापाशी गर्दीत उभी होते. सम्मती, म्हणजे त्या लग्नातली मंगलवचनं, कन्नडमधली, नंदीध्वजांमागे (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांमागे) चालणाऱ्यांची बोली मराठी, माझ्या शेजारच्या दोघी बायका तेलुगूत बोलत होत्या. होम मैदानावर फिरताना कानावर सारखं एकच रूप: ‘आधी पाळणा इथं असायचा’, ‘आम्ही बैलगाडीनं यायचो’, ‘आण्यात पोटभर भेळ मिळायची’. जत्रेत माणसं रीतिभूतकाळातच बोलतात, असं वाटावं इतकं.

२० जानेवारी

‘देअर यूस्ट टू बी’ घेतलं. असायचा, असायची, असायचं. लिंग-वचनाची काळजी नाही, एकच साचा. होटगी रोडच्या मुलाने लगेच वाक्य दिलं: ‘देअर यूस्ट टू बी अ टॉल चिमणी नियर द एअरपोर्ट.’ सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, ती त्याने गच्चीवरून पाहिली होती. ‘पाडली’ला यूस्ट टू नाही, ‘होती’ला आहे, हे त्याने स्वतःच सांगितलं. दहा जानेवारीचा तास लक्षात राहिला म्हणायचा.

त्यावरून ‘वुड’ निघालं. जुन्या सवयी सांगताना इंग्रजीत ‘वुड’ही चालतं: ‘आजी वुड टेल अस स्टोरीज.’ पण क्रिया असेल तरच. स्थिती असेल तर नाही. ‘देअर वुड बी अ चिमणी’ म्हटलं तर अर्थ भलतीकडे जातो. कथा सांगताना पहिल्या वाक्यात यूस्ट टू, मग पुढे वुड, असा ओघ असतो. पण आमच्या वर्गाला एवढ्यात त्याची घाई नाही. पुस्तिकेत अर्धं पान बस.

२९ जानेवारी

नकार आणि प्रश्न. ‘आय डिडंट यूस टू’, ‘डिड यू यूस टू’. ‘डिड’ आला की शेवटचा ‘डी’ लिहायचा नाही. भूतकाळ एकदा ‘डिड’ने उचलला, परत कशाला? ‘डिडंट वेंट’ म्हणत नाही, तसंच. ऐकायला दोन्ही सारखंच लागतं, म्हणून लिहिताना इंग्रजही हा ‘डी’ ठेवतात आणि त्यांच्यातही त्यावरून वाद असतो. आमच्या मुलांनी तो गाळावा, परीक्षेतही तेच चालतं. जुन्या पुस्तकांत ‘यूस्ट नॉट टू’ दिसेल. ओळखावं, वापरायची गरज नाही.

बिलिंगवाल्या मुलीला आज पुन्हा फोनवरच्या मुलाखतीचा निरोप आलाय, दुसऱ्या ठिकाणाहून. वर्ग सुटल्यावर तिच्याबरोबर अर्धा तास बसले. ‘आय हँडल बिलिंग. आय हॅव हँडल्ड इट फॉर थ्री इयर्स. बिफोर दॅट, आय यूस्ट टू डू पॅकिंग.’ तिसरं वाक्य तिचं स्वतःचं. आधी ती पॅकिंग करायची, हे मला माहीतच नव्हतं.

७ फेब्रुवारी

चाळीस प्रती झेरॉक्स करून, पिना मारून आल्या. सोळा पानं. पहिल्या पानावर चार भाषांतलं ‘जायचो’, आठव्या-नवव्यावर हुतात्म्यांचं पान, अकराव्यावर सुपाचं चित्र. चित्रातली कात्री झेरॉक्समध्ये थोडी काळी आलीय, बाकी सुरेख.

वाटप चालू असताना मागावरच्या मुलाने चौथ्या पानावर बोट ठेवलं. ‘मॅडम, हे चुकलंय.’ वाक्य होतं: ‘तात्या यूस्ट टू वर्क इन द मिल फॉर एटीन इयर्स.’ तीन जानेवारीला ज्या चुकीवर अख्खा तास घेतला, तीच माझ्या नजरेतून सुटून छापली गेली. तिथेच सगळे जमिनीवर बसले, चाळीसही प्रतींवर निळ्या पेनाने ‘यूस्ट टू वर्क’ खोडून वर ‘वर्क्ड’ लिहिलं. वीस मिनिटं लागली. खाली माग चालूच होते.

लिहिता लिहिता तो म्हणाला, ‘मॅडम, तात्या अजून पहाटे भोंग्याच्या वेळेला उठतात. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी उठून दाराशी बसतात. हे कुठल्या रूपात येईल?’

मी म्हटलं, तूच सांग.

त्याने जरा वेळ घेतला. मग स्वतःच्या प्रतीच्या समासात लिहिलं, ‘ही ईज स्टिल यूस्ट टू वेकिंग अप विथ द भोंगा.’ शेजारच्या दोघांनी ते आपापल्या प्रतीत उतरवून घेतलं. पुढच्या छपाईत चौथ्या पानावर घ्यायचं.